धोमचं आवर्तन आणि माझे ६४,४०० रुपये

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना आणखी लाज वाटायला नको. चौसष्ट हजार चारशे. एवढे पैसे मोजून मी, बायको, मेहुणा आणि भाचा अशा चौघांनी भर मे महिन्यात कृष्णेच्या कोरड्या पात्रातून दोन प्लॅस्टिकच्या कॅनू ओढत नेल्या. बसून नाही, ओढत.

असल्या जाहिराती कशा येतात ते तुम्हाला माहीत आहे. कुणीतरी ग्रुपवर टाकतं, फोटो असतात, ‘शेवटच्या चार जागा’ असतात. अशा छप्पन्न जाहिराती मी हसून पुसल्यात. ही पुसली नाही, कारण ती होडीची होती. कॉलेजात असताना मी बोट क्लबवर वल्ही मारलीत, सीओईपी या पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या रेगाटात (होड्यांच्या कसरतींत) उतरलोय. होडी दिसली की तुमचं डोकं बंद पडतं, हे बायको तीस वर्षं सांगतेय.

बेत असा होता: साताऱ्याजवळच्या माहुलीच्या संगमाच्या खालून निघायचं आणि पाच दिवसांनी कराडच्या प्रीतिसंगमाला पोचायचं. रोज बारा-पंधरा किलोमीटर, मुक्काम काठावर तंबूत, जेवण गावातून. माणशी ११,५००, म्हणजे चौघांचे ४६,०००.

मी मूर्ख नाही, एवढं तरी मान्य करा. पहिल्याच फोनवर मी विचारलं होतं, ‘मे महिन्यात कृष्णेत पाणी कुठलं?’ जाहिरातवाला हसला. ‘सर, कोलाडला मे महिन्यात राफ्टिंग होतं की नाही?’ होतं. कारण मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून उतरून कुंडलिकेत येतं. वीज बनली की नदीला पाणी, पाऊस असो वा नसो. ‘इथेही तसंच आहे सर. धोम धरणाचं उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरल्या तारखांना सोडायचं पाणी, सुटतं. पाण्याची तारीख आली की आपण निघायचं.’ यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. कोलाडचं खरं, आवर्तनाचंही खरं. धादांत खोटं बोलला असता तर मी त्याला तिथेच पकडला असता.

१४ एप्रिलला निम्मे पैसे, २३,००० पाठवले. आठवड्याने ‘रेस्क्यू डिपॉझिट’ म्हणून माणशी दोन हजार, एकूण ८,०००, परत मिळणारे. मग ‘पाटबंधाऱ्याच्या परवानगीचे’ ३,६००, त्याची शिक्क्याची पावतीही आली. पैसे येईपर्यंत मी ‘सर’ होतो, त्यानंतर ‘काका’ झालो. हे मला तेव्हाही जाणवलं होतं, पण आवाज इतका गोड होता की मी काका व्हायलाही तयार होतो.

फोटोही जाता जाता सांगतो. ‘गेल्या मे महिन्यातली बॅच’ म्हणून पाठवलेल्या फोटोत काठावर काशाचे पांढरे तुरे डुलत होते. बायको म्हणाली, ‘हे तर घटस्थापनेच्या सुमाराचं वाटतंय.’ मी म्हणालो, ‘नदीकाठी असतं काहीतरी.’ असो.

६ मेच्या रात्री ‘तारीख आली’. पुरावा म्हणून एका सरकारी पत्राचा फोटो पाठवला. उन्हाळी आवर्तन, विसर्गाचे क्युसेक, अमुक तारखेपासून, सही, शिक्का. पत्र बघून मी त्याच मिनिटाला उरलेले २३,००० पाठवले आणि मेहुण्याला फोन करून सांगितलं, बॅग भर.

९ तारखेला स्वारगेटहून पहिल्या एसटीने सातारा. ‘गाडी घरीच ठेवा काका, परतीला कराडहून आपली जीप आहे.’ (स्वतःच्या गाडीने जाऊ नका असं कुणी सांगितलं, तर स्वतःच्याच गाडीने जा.) स्टँडवर पिकअप घेऊन एक विशीतला पोरगा आला. मुख्य इसम ‘पुढच्या मुक्कामाला तयारी करतोय’. पोराने आम्हाला एका बंधाऱ्याच्या वर पाण्यात सोडलं, ‘पुढच्या बंधाऱ्यावर जेवण घेऊन थांबतो’ म्हणाला आणि गेला. त्याचा फोन त्यानंतर आजतागायत लागलेला नाही.

बंधाऱ्यामागे पाणी होतं. हिरवं, साचलेलं, कडेला जलपर्णी. अर्धा तास वल्ही मारताना काय आनंद झाला म्हणून सांगू! मग बंधारा आला. कोल्हापुरी बंधारा, सगळे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले. पलीकडे काळा कातळ, मध्ये डबकी, एका डबक्यात दोन बगळे.

सामान आणि दोन माणसं घेऊन कॅनू वीतभर पाण्यात तरंगते, हे मला माहीत आहे. पण ते वीतभर सलग हवं. इथे दहा फूट पाणी, पुढे पन्नास फूट दगड. उतरा, सामान काढा, होडी उचला, दगड पोळतोय, परत भरा. जेवण पुढच्या बंधाऱ्यावर होतं ना, म्हणून दीड किलोमीटर असे गेलो. भाच्याची टाच फाटली. होडीच्या बुडाखालून जो खरखर आवाज येत होता तो अजून कानात आहे.

तिथे म्हशी घेऊन एक आजोबा बसले होते. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘बोटीतनं कुठं निघालाय?’ मी म्हटलं, कराडला, आज धोमचं पाणी सुटलंय. ‘सुटलंय की. पाटाला. नदीला न्हाई.’

मी तिथेच खडकावर बसून मोबाईलवर ते पत्र पुन्हा उघडलं. दुसऱ्या ओळीत, ठळक अक्षरात: ‘डाव्या कालव्याद्वारे’. पत्र खरं होतं. सही खरी, तारीख खरी. मी ‘पाणी’ वाचलं, ‘विसर्ग’ वाचलं, आणि पैसे पाठवले. पाणी कुठे सोडणार तेवढं वाचलं नाही.

आता ऐका, मी राहतो कुठे. सिंहगड रोडला. माझ्या घरामागून मुठा उजवा कालवा जातो. दर उन्हाळ्यात तो तुडुंब वाहतो आणि भिडे पुलाखाली मुठेत गटाराचा ओघळ असतो. २०१८ साली दांडेकर पुलापाशी हाच कालवा फुटला तेव्हा ते पाणी मी डोळ्यांनी पाहिलंय. धरणातलं पाणी उन्हाळ्यात कालव्याने जातं, नदीला कोरडं ठेवून जातं, हे पुण्यातल्या ज्या चार माणसांना सगळ्यात चांगलं कळायला हवं, त्यांत मी एक. बोट क्लबवर तरी आमच्या बोटी कशामुळे चालायच्या? बंडगार्डनच्या बंधाऱ्याने पाणी तुंबवलेलं असायचं म्हणून. सगळं माहीत होतं. त्या एका रात्री आठवलं नाही.

गावातून जीप केली, सातारा स्टँडपर्यंत १,८०० रुपये. जीप येईतो होड्यांचा मालक हजर. त्या होड्या त्या इसमाच्या नव्हत्याच. मुळशीकडच्या एका तलावावर तासाने देणाऱ्या माणसाकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणलेल्या, आणि त्याचंही भाडं बुडवलेलं. बुडं खरवडलेली बघून तो रडायच्या बेतात. त्याला ५,००० दिले. ते मात्र मला खटकत नाहीत.

आता सरकारी दारं. आमच्या भागातल्या चौकीत पहिला प्रश्न, ‘मे महिन्यात नदीत गेलातच कशाला?’ दुसरा, ‘घटना कुठे घडली? तिकडे जा.’ तिकडे गेलो. दोन तास बाकावर. ‘पैसे कुठून पाठवले? पुण्यातून? मग पुण्यात जा.’ मी म्हटलं, नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता नोंद घ्यावी लागते, आणि न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. ‘वकील आहात का?’ नाही. ‘होड्या दिल्या ना त्याने? वल्ही दिली ना? मग फसवणूक कसली? पाणी नव्हतं हा निसर्ग झाला.’ निसर्ग! शेवटी साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर ‘उद्या या’. उद्या गेलो तर शिक्का असलेला माणूस बंदोबस्ताला.

बँकेचं उत्तर एका ओळीचं: रक्कम आपण स्वतः पाठवली आहे. पाटबंधाऱ्याच्या एका कार्यालयात ३,६०० ची पावती दाखवली. कारकून हसला, शेजारच्याला दाखवली, तोही हसला. ‘ही आमची नाही.’ तेवढंच लिहून द्या म्हटलं, तर ‘माहितीच्या अधिकारात टाका, तीस दिवसांत उत्तर येईल.’ तोंडी सांगायला सगळे तयार, कागदावर एक जण नाही. माझ्या खिशातून ५७,६०० घेणाऱ्याकडे निदान शिक्का तरी होता!

चूक माझीही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, मी लाजेपायी चौथ्या दिवशी केला. तुम्ही असं करू नका, लाज नंतर वाटून घ्या.

आणि ज्यांना खरंच उन्हाळ्यात नदीतून जायचंय त्यांनी पैसे देण्याआधी विचारा: पाणी कुठल्या धरणाचं, नदीत की कालव्यात, किती दिवस, मधल्या बंधाऱ्यांचे बर्गे काढलेत का. गावातल्या पाटकऱ्याला किंवा भोयाला एक फोन करा. त्यांना जे कळतं ते पत्रात नसतं. कराडच्या खाली गोष्ट वेगळी आहे. तिथे कोयनेचं पाणी पायथ्याच्या वीजगृहातून नदीत येतं, टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना त्यावरच उपसा करतात. पण तेही रोज सारखं नसतं आणि बंधारे तिथेही आहेत. साहसी पर्यटनवाल्यांना राज्याच्या २०२१ च्या धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. तो कागद मागा, आणि आला की पूर्ण वाचा. दुसरी ओळसुद्धा.

आता मी ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षं. त्याच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस ‘असा इसम राहत नाही’ म्हणून परत आली. ‘पाण्याची तारीख आली की निघू’ असं सांगून तुमच्यापैकी कुणाकडून पैसे घेतले असतील तर पावत्या जपून ठेवा आणि मला कळवा, तक्रारी एकत्र जोडता येतील. काशाचे तुरे असलेला तो फोटो आला असेल तर तोही पाठवा.