अपग्रेडनंतर स्क्रीन लुकलुकतेय: ड्रायव्हर मागे घ्यायचा की अख्खं विंडोज?
विंडोज १० वरून ११ वर गेलं की काही लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकायला लागते आणि लोक घाबरून थेट जुन्या विंडोजवर परत जायला निघतात, जरा थांबा. आधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. तोही बाकी स्क्रीनबरोबर लुकलुकत असेल तर बहुतेक डिस्प्ले ड्रायव्हरचा, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा लोचा, तो एकटाच स्थिर असेल तर एखादं ॲप नडतंय.

ड्रायव्हर असेल तर डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स, तुमच्या ग्राफिक्सच्या प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब आणि तिथे रोल बॅक ड्रायव्हर, थोड्या वेळाचं काम आहे आणि फाइल्स, ॲप्स कशालाच धक्का लागत नाही. बटण फिकं दिसलं तर जुना ड्रायव्हर शिल्लकच नाही, मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा डाउनलोड करा.

विंडोज १० वर परत गेलात तर फाइल्स राहतात पण अपग्रेडनंतर टाकलेली ॲप्स जातात, गो बॅकची, म्हणजे असं परत जायची सोय अपग्रेडनंतर एरवी १० दिवसच असते आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणजे आगीतून फुफाट्यात. माझं मत ड्रायव्हरलाच. हां, कुठलाच ड्रायव्हर नीट चालत नसेल तर मात्र ती १० दिवसांची मुदत संपायच्या आत मागे फिरा, आधी बॅकअप घेऊन.