लेबरची सगळी ऑफिसं एक करावीत का? दीड वर्ष खेटे घातल्यावर सांगतो

जुलै २०२४ मध्ये बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीनं मला तोंडीच सांगितलं, उद्यापासून येऊ नको. एकोणीस वर्षं मोल्डिंगला होतो. तेव्हापासून लेबर ऑफिस, लेबर कोर्ट, ग्रॅच्युइटी आणि पीएफ असे चारही उंबरे झिजवून झालेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. लेबर कोर्ट आणि औद्योगिक न्यायाधिकरण हे दोन वेगळे राहणार नाहीत, दोन सदस्यांचं एकच न्यायाधिकरण होणार. एक न्यायिक, दुसरा प्रशासकीय. तेव्हापासून चहाच्या गाड्यावर जो तो म्हणतोय, बरं झालं, आता उरलेलंही एकात घाला. मला तसं सरसकट पटत नाही बघा.

आधी समेटाचं सांगतो, म्हणजे लेबर ऑफिसात मालक नि कामगाराला समोर बसवून तडजोड घडवतात त्याचं. चार बैठका झाल्या. मॅनेजरचं एकच पालुपद, तीन महिन्यांचा पगार घे नि राजीनाम्यावर सही कर. तिसऱ्या बैठकीत समेट घडवणाऱ्या साहेबांनी मला एकट्याला व्हरांड्यात नेलं, हळूच विचारलं, "खरं सांगा, कितीवर मिटवाल?" थोरलीची कॉलेजची फी डोक्यावर होती. मी म्हणालो, लाखभर. मॅनेजर तेवढ्यालाही तयार झाला नाही, फिसकटलं. समेटाच्या अर्जाला ४५ दिवस उलटले की कामगाराला थेट कोर्टात जाता येतं, तसा गेलो. तिथं माझी मागणी आहे मागच्या पगारासकट नोकरी. आता सांगा, व्हरांड्यातला तो 'लाखभर' ज्यानं ऐकला, त्यालाच निकालाच्या खुर्चीत बसवलं तर? पुढच्या वेळी मी तोंडच उघडणार नाही, आणि तोंड उघडल्याशिवाय समेट होत नसतो. इमारत एक करा, खुर्ची नको.

ग्रॅच्युइटीचा अनुभव मात्र चांगला, आणि तो चांगला आला ते काम वेगळं होतं म्हणूनच. १९७२ च्या कायद्यात हिशेब सरळ होता. शेवटचा मूळ पगार आणि डीए मिळून १८,२००. भागिले २६, गुणिले १५, म्हणजे वर्षाला १०,५००. एकोणीस वर्षांचे १,९९,५००. प्रश्न दोनच, नोकरी किती वर्षं आणि पगार किती. मला का काढलं, कोण चुकलं, याच्याशी त्या टेबलाला देणंघेणं नाही. अकरा महिन्यांत व्याजासकट रक्कम खात्यावर आली. हेच प्रकरण बडतर्फीच्या दाव्याला बांधलं असतं तर अजून तारखाच मोजत बसलो असतो.

मग एक काय करायचं? कागद! फौंड्रीनं मध्येच मुद्दा काढला, की पहिली तीन वर्षं हा आमचा नव्हेच, ठेकेदाराचा माणूस होता. तेव्हा पीएफचं पासबुक उपयोगी पडलं, पहिल्या महिन्यापासून भरणा फौंड्रीच्याच पीएफ कोडवर. पण हे पासबुक मीच काढायचं, मीच झेरॉक्स मारायची, तीन ठिकाणी तीन संच द्यायचे. सरकारकडं असलेली नोंद सरकारलाच दाखवायला मी पिशवी घेऊन हिंडतोय, गंमतच की. पे स्लिपांची शाई उडाली पार. आणि नोटीस येते कन्नडमध्ये. शेजारच्या पोरीला बोलावून वाचून घ्यायची, तिचा पेपर असला की थांबायचं.

नव्या संहितेत नेमकं हेच राहिलंय. कोर्टं एक केली, पण ग्रॅच्युइटी सामाजिक सुरक्षा संहितेत, पगाराचे दावे वेतन संहितेत. कामगाराला अर्ज वेगवेगळेच करावे लागणार. वर बडतर्फीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आणली, हे गाड्यावर कुणी बोलत नाही.

आणि बेळगावात राहून हद्दीपलीकडं महाराष्ट्रातल्या शिनोळीला कामाला जाणाऱ्यांचं तर राज्यच वेगळं. माझा साडू तिथं आहे. अनुचित प्रथेची, म्हणजे मालकाच्या गैरवागणुकीची तक्रार त्यांच्याकडं १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं चालत आलीय, नव्वद दिवसांच्या आत. कागद मराठीत मिळतो, एवढा एक हेवा वाटतो.

माझ्या मते आवक एक करा. एक खिडकी, एक नंबर, एक फाइल, पीएफची नोंद तिथंच जोडलेली, पोच मागाल त्या भाषेत. आतली टेबलं वेगळीच राहू देत. तसली खिडकी कुणी काढलीच तर आधी मला कळवा, पिशवीत अजून दोन संच शिल्लक आहेत.