जुळे सोलापुरातील ज्येष्ठांचे केंद्र: सहा महिन्यांचा अनुभव

सहा महिन्यांपासून मी माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या आईला जुळे सोलापुरातील एका ज्येष्ठ नागरिक केंद्रात दिवसभरासाठी सोडतो. तेथील सेविका तिच्याशी तेलुगूत बोलतात, कडक भाकरी आमटीत कुस्करून ती पुरती मऊ झाल्यावरच ताट पुढे करतात. या आस्थेचे मोल पैशांत होणार नाही. स्वच्छतागृहात मात्र आधाराची दांडी नाही आणि तीनदा सांगूनही ती बसवलेली नाही, ही गंभीर उणीव आहे.

अशी केंद्रे सोलापुरात वाढायलाच हवीत. फ्रान्समध्ये ६५ वर्षांवरील लोकांचा वाटा ७ वरून १४ टक्क्यांवर जाण्यास १८६५ ते १९८० अशी सुमारे ११५ वर्षे लागली, तर जपानमध्ये तोच बदल १९७० ते १९९४ या २४ वर्षांत घडला आणि २००० मध्ये त्या देशाने दीर्घकालीन देखभालीसाठी सक्तीचा विमा सुरू केला. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढचे ८.६ टक्के होते. जन्मदर घटत असल्याने हा वाटा वाढतच जाणार आहे. आमच्याच गल्लीत चार घरांतील मुले पुण्याला आहेत आणि मागे फक्त आईवडील राहिले आहेत. दांडी बसताच मी शेजारच्या काकूंनाही हे केंद्र सुचवणार आहे.