आयएचसी (पेशींतली ठराविक प्रथिनं रंगवून बघायची तपासणी) सेकंड ओपिनियन, नीट रिपोर्ट देणारी लॅब
आईच्या स्तनातल्या गाठीचा ब्लॉक (मेणात बसवलेला टिश्यूचा तुकडा) इथे दिला होता आणि रिपोर्ट बघून खरंच बरं वाटलं, कारण नुसतं ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह लिहून सोडलं नाही तर किती टक्के पेशींचे न्यूक्लियस रंगलेत, किती गडद, शेजारच्या नॉर्मल डक्टमधे रंग आलाय का म्हणजे स्टेन नीट चाललाय का, सगळं दिलंय. हर-टू (कॅन्सरच्या पेशी वाढवणारं एक प्रथिन) २+ आला, तर ते धड पॉझिटिव्ह नाही आणि निगेटिव्हही नाही, फिश (हर-टूच्या जीनच्या प्रती मोजायची तपासणी) करूनच ठरवायचं असं लॅबच्या मॅडमनी फोनवर शांतपणे समजावलं. टिश्यू फॉर्मलीनमधे (तो टिकवायच्या द्रावणात) किती तास होता हेही विचारलं (६ ते ७२ तासांत बसायला हवं), आधीच्या लॅबने विचारलंच नव्हतं! ब्लॉक परत द्यायला मात्र फार वेळ लावतात, फिशला तोच लागतो, तेव्हा मागे लागून घ्या.