साहेबाने खोटा ठपका ठेवलाय: खुलासा, एचआर, कामगार कार्यालय की राजीनामा?

नोटीस बहुधा शुक्रवारी संध्याकाळी हातात पडते आणि खुलासा सोमवारी सकाळपर्यंत हवा असतो. हिंगण्याचा कारखाना असो, वाडीचं गोदाम असो की मिहानमधलं ऑफिस, त्या दोन दिवसांत घरचे आणि मित्र चार दिशांना ओढतात. कुणी म्हणतं नीट उत्तर दे, कुणी म्हणतं एचआरला मेल टाक, कुणी कोर्टाची भाषा करतं, आणि एखादा हमखास म्हणतो, "सोड ना भाऊ, राजीनामा फेक." आमचं झुकतं माप पहिल्या वाटेला आहे. बाकीच्या तिन्ही वाटांवर तुमची बाजू किती भक्कम ठरेल, हे त्या पहिल्या उत्तरावरच ठरतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असलेली बरी. कामाच्या ठिकाणच्या दादागिरीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. साहेब चारचौघांत घालूनपाडून बोलतो, रजा अडवतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर टोमणे मारतो, यावर नेमकं बोट ठेवता येईल असं कलम सापडत नाही. म्हणून जाचाची तक्रार कायद्याला ओळखता येईल अशा रूपात मांडावी लागते: सूडबुद्धीने केलेली कारवाई, अडवलेला पगार, बेकायदा कपात, लैंगिक छळ. "साहेब त्रास देतात" एवढ्याच वाक्याच्या तक्रारी फायलीत पडून राहतात.

खुलासा आणि चौकशी

समजा आरोप असा आहे की 12 तारखेला गोदामातल्या 14 पेट्या तुमच्या ताब्यातून गायब झाल्या. घाबरलेला माणूस लिहितो: "मी सात वर्षं इमानदारीने काम केलं. साहेबांचा माझ्यावर राग आहे. चूक झाली असल्यास माफ करावे." यातलं शेवटचं वाक्य चौकशीत कबुली म्हणून वाचलं जातं आणि मधलं वाक्य पुराव्याशिवाय हवेत राहतं.

त्याऐवजी मुद्द्यांना क्रमांक देऊन चार ओळी पुरतात:

"1. आरोप मला मान्य नाही. 2. त्या दिवशी माझी पाळी दुपारी 3 वाजता संपली. चार्ज घेणाऱ्याची सही रजिस्टरमध्ये आहे. 3. स्टॉक रजिस्टर, गेटपास आणि त्या दिवसाचं सीसीटीव्ही फुटेज यांच्या प्रती द्याव्यात आणि फुटेज जपून ठेवावं. 4. प्रती मिळाल्यावर सविस्तर खुलासा देण्याचा हक्क राखून ठेवतो."

फुटेजची मागणी पहिल्याच पत्रात हवी, कारण रेकॉर्डरमधली जागा भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. मुदत कमी असेल तर याच पत्रात सात दिवस वाढवून मागा. पत्र ईमेलने पाठवा, शिवाय स्पीड पोस्टनेही, आणि पावती जपा. ऑफिसात हातोहात दिलं तर आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का द्यायला नकार मिळाला, तर त्याच दिवशी "आज अमुक वाजता पत्र दिलं, पोच मिळाली नाही" असा मेल टाका.

पुढे आरोपपत्र आलं की चौकशी बसते. इथे सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रागाने गैरहजर राहणं. चौकशी एकतर्फी होते आणि मग कोर्टातही "संधी दिली होती" हे ऐकावं लागतं. ज्याने तक्रार केली तोच चौकशी अधिकारी म्हणून बसला असेल, तर पहिल्याच तारखेला लेखी हरकत घ्या. सोबत बचावासाठी सहकारी मागा आणि साक्षीदारांना उलट प्रश्न विचारा. कामकाजाच्या प्रत्येक पानावर सही करण्याआधी ते वाचा. चुकीचं लिहिलं असेल तर सहीच्या वरच हरकत नोंदवा. शिक्षेआधी चौकशी अहवालाची प्रत मिळून त्यावर म्हणणं मांडता आलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच स्पष्ट केलं आहे. निलंबित केलं असेल आणि तिथे स्थायी आदेश (कारखान्याचे मंजूर सेवानियम) लागू असतील, तर पहिले 90 दिवस निर्वाह भत्ता म्हणून निम्मा पगार मिळतो. लांबण तुमच्यामुळे नसेल तर त्यानंतर 75 टक्के. हरवलेल्या मालाचे पैसे पगारातून कापायचे असतील, तर त्याआधीही म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते.

एचआर

खर्च शून्य, वेळ कमी, म्हणून ही वाट सोपी वाटते. जाचासाठी ती उपयोगी आहे, आरोप खोडायला नाही. एचआरचा पगार कंपनी देते, एवढं लक्षात ठेवलं की अपेक्षा जागेवर राहतात. या तक्रारीचा खरा फायदा तारखेचा आहे. नोटीस येण्याआधी केलेली तक्रार पुढे "सूड उगवला" हे दाखवायला कामी येते. नोटिशीनंतर केलेली तीच तक्रार बचावासाठी रचलेली वाटते. तेव्हा जाच सुरू झाला की तीनचार प्रसंग तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांच्या नावांसह मेलवर टाका. विशेषणं नकोत.

पुरावे गोळा करताना एक खड्डा आहे. कंपनीच्या ग्राहकांच्या याद्या, दरपत्रकं, आतले मेल आपल्या खासगी जीमेलवर ढकलू नका. खोट्या आरोपात अडकलेल्या माणसाला डेटा चोरीचा खरा आरोप लावायची संधी तिथेच मिळते. आपल्याला आलेली पत्रं, पगाराच्या स्लिपा, आपल्या फोनवरचे मेसेज एवढं ठेवा. संभाषणाचं रेकॉर्डिंग असेल तर मूळ फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे कोर्टात त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर एचआर नव्हे, त्यासाठीच नेमलेली कंपनीतली अंतर्गत समिती. मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. आणि ज्याच्यावर अशी तक्रार झाली आहे त्यानेही समजून घ्यावं: तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. खोटेपणाचा हेतू वेगळा सिद्ध करावा लागतो.

कामगार कार्यालय आणि कोर्ट

कामावरून काढलं की खरा प्रश्न हा: कायद्याच्या नजरेत तुम्ही कामगार आहात का? नेमणूकपत्रावरच्या पदनामाने हे ठरत नाही. "असिस्टंट मॅनेजर" लिहिलेला माणूस दिवसभर एंट्र्या करत असेल, कुणाची रजा मंजूर करत नसेल, कुणाला मेमो देत नसेल, तर तो कामगार ठरू शकतो. प्रत्यक्ष काम काय, याचे कागद आत्ताच काढून ठेवा. देखरेखीचं काम आणि पगार महिन्याला 18,000 च्या वर, किंवा खरोखर व्यवस्थापकीय काम, असं असेल तर हे दार बंद.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. तेव्हा वकिलाला पहिला प्रश्न हाच: माझा अर्ज कोणत्या कायद्याखाली आणि मुदत किती? नव्या औद्योगिक संबंध संहितेत कामगार कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून 45 दिवस झाले की कामगाराला थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं, तेही काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात मात्र तक्रारीची मुदत 90 दिवसांची. छोटी मुदत धरून चाला. खाजगी शाळेतल्या शिक्षकांची वाट तर निराळीच: शाळा न्यायाधिकरणाकडे अपील, तीस दिवसांत.

खर्चाच्या धाकाने मागे फिरू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळायला महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार हे सगळे पात्र आहेत, त्यांना उत्पन्नाची अट नाही. अडतं ते वेळेपाशी. वर्षं जातात, आणि त्या काळात घर चालायला हवं.

व्यवस्थापक पातळीवर असाल तर दिवाणी न्यायालय. तिथे साधारणपणे नोकरी परत मिळत नाही, फार तर पैसे मिळतात. त्यापेक्षा वाटाघाटी बऱ्या. आणि साहेबावर बदनामीचा फौजदारी खटला? अधिकाऱ्याने सद्भावनेने वरिष्ठांकडे केलेल्या तक्रारीला कायद्यातच अपवाद आहे. राग शमतो, हाती फारसं लागत नाही.

राजीनामा

ही वाट कमीपणाची नाही. झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, तर नोकरी सोडणं हा शहाणपणाचा हिशेब असू शकतो. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, सही करण्याआधी तिथे बोलून घ्या. पण हिशेबही मांडा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000, नोकरी सात वर्षं: 26,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 7, म्हणजे 1,05,000 रुपये ग्रॅच्युइटी. चोरीसारख्या नैतिक अधःपतनाच्या आरोपावरून बडतर्फ केलं तर ती जप्त होऊ शकते. राजीनाम्यात ती सुरक्षित राहते. नव्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर थकलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत देणं बंधनकारक आहे. रिलीव्हिंग लेटरमध्ये आरोपाचा उल्लेख नसेल, हे सही करण्याआधी मेलवर कबूल करून घ्या.

केबिनमध्ये बसवून, "नाहीतर पोलिसांत देतो" म्हणत राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला, तर सही न करता उठा. झालीच असेल तर जबरदस्ती नंतर सिद्ध करणं फार जड जातं, म्हणून दिवस उजाडायची वाट बघू नका. राजीनामा लागू होण्याआधी तो मागे घेता येतो. घरी पोचल्यावर त्याच रात्री मेल टाका: "आज दुपारी 4 वाजता केबिनमध्ये अमुक व अमुक यांच्यासमोर दबावाखाली माझी सही घेतली. तो राजीनामा मी मागे घेत आहे. उद्या सकाळी नेहमीच्या वेळेवर कामावर हजर राहीन." आणि सकाळी खरंच गेटवर उभे राहा. आत सोडलं नाही तर गेटचा फोटो वेळेसकट काढा.