सीपॅप की जबडा पुढे धरणारं उपकरण: घोरण्यावर काय निवडावं?

घोरण्याची तक्रार घेऊन डेंटिस्टकडे गेलात, तर त्यानं उपकरणासाठी दातांचं माप घेण्याआधी स्लीप टेस्टचा, म्हणजे झोपेतला श्वास तपासणाऱ्या चाचणीचा रिपोर्ट मागायला हवा. तो न मागताच माप घेणार असेल, तर तिथून उठलेलं बरं. घोरण्याच्या आवाजावरून आजार ओळखता येत नाही. कुणाचं घोरणं दणदणीत, पण निरुपद्रवी असतं. कुणाचं हळू असतं आणि मधूनमधून श्वासच अडलेला असतो. घशाची वाट किमान १० सेकंद बंद राहिली की त्याला ॲप्निया म्हणतात, अर्धवट अडली की हायपोप्निया. झोपेच्या एका तासात हे दोन्ही मिळून किती वेळा घडतं, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३०च्या वर तीव्र.

हे निदान झोपेच्या तज्ज्ञ डॉक्टरचं. डेंटिस्टला तोंडात शंकेच्या खुणा दिसू शकतात: जिभेच्या कडांवर दातांचे ठसे, झिजलेले दात, मागे असलेला खालचा जबडा, मोठे टॉन्सिल, तोंड पूर्ण उघडूनही न दिसणारी पडजीभ. त्या पाहून त्यानं टेस्टला पाठवावं, इतकंच.

आता मुख्य तुलना. सीपॅपचं मशीन नळीतून आणि मास्कमधून हवा सोडतं. पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका तिचा दाब असतो, आणि तो घशाला आतून उघडं ठेवतो. डेंटिस्टचं उपकरण म्हणजे वरच्या आणि खालच्या दातांवर घट्ट बसणारे दोन साचे. ते एकमेकांना असे जोडलेले असतात की झोपेत खालचा जबडा पुढेच राहतो. जीभ या जबड्याला जोडलेली असल्यामुळे तीही पुढे येते आणि घशाच्या बाजूच्या भिंती ताणल्या जातात.

निव्वळ ताकदीत सीपॅप वरचढ आहे, यात वाद नाही. दाब नीट ठरवला तर एएचआय बहुतेकांत ५च्या खाली येतो. जबड्याच्या उपकरणानं तो सरासरी निम्म्याच्या आसपास उतरतो, आणि माणसामाणसांत फरक मोठा: ढोबळमानानं एक तृतीयांश लोकांना पूर्ण गुण येतो, एक तृतीयांशांना अर्धवट, उरलेल्यांना फारसा नाही.

पण मास्क रात्रभर चेहऱ्यावर राहतो का? समजा एएचआय ३० आहे आणि झोप ७ तासांची. सीपॅपनं तो २ वर येतो, पण ४ तासांनी मास्क काढून ठेवला जातो. मग ४ तास २ या दरानं आणि ३ तास ३० या दरानं मोजले, तर रात्रीची सरासरी १४ पडते. उपकरणानं एएचआय १२ वरच आला, पण ते सातही तास तोंडात राहिलं, तर सरासरी १२. कागदावर हरलेलं उपकरण प्रत्यक्षात पुढे गेलं. शिवाय स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि अनेकांत तेव्हाच श्वास सर्वाधिक अडतो. म्हणजे मध्यरात्री काढलेला मास्क नेमके वाईट तास उघडे सोडतो. उलट मास्क लावून रात्रभर निवांत झोपणाऱ्यानं फक्त सुटसुटीत आहे म्हणून उपकरणाकडे वळू नये. प्रवासापुरतं ते जवळ ठेवायला हरकत नाही. वीज लागत नाही, खिशात मावतं.

एएचआय ३०च्या वर, झोपेत ऑक्सिजन खूप खाली जाणं, गाडी चालवताना डुलकी लागणं: यांत सीपॅप आधी. तो प्रामाणिकपणे वापरूनही झेपलाच नाही, तर उपकरण. काहीच न करण्यापेक्षा ते बरं. सौम्य किंवा मध्यम आजार, वजन फार नाही, श्वास मुख्यतः उताणं झोपल्यावर अडतो, अशांना उपकरणाचा गुण येण्याची शक्यता जास्त. टेस्टमध्ये ॲप्निया नाही आणि नुसतं घोरणंच आहे, तर सीपॅपच्या मागे लागायचं कारण नाही. मेंदूकडून श्वासाचा संदेशच येत नसेल, म्हणजे सेंट्रल ॲप्निया असेल, तर जबडा कितीही पुढे ओढून उपयोग नाही. नाक चोंदलेलं असेल तर दोन्ही उपाय लंगडे पडतात; ते आधी मोकळं करून घ्या.

तोंडाच्याही अटी आहेत. प्रत्येक जबड्यात निदान ६ ते १० पक्के दात हवेत, हिरड्या निरोगी हव्यात आणि जबडा पुढे किमान ५ मिलिमीटर सरकायला हवा. कानाजवळचा सांधा आधीच दुखत असेल, तर तो आधी शांत करायचा. कॅप, फिलिंग वगैरे राहिलेली कामं माप देण्याआधी उरकावीत. नंतर एक कॅप बसवली तरी दाताचा आकार बदलतो आणि साचा बसेनासा होतो.

गरम पाण्यात बुडवून चावायची तयार उपकरणं स्वस्त पडतात, पण त्यांच्याबद्दल आमचं मत चांगलं नाही. पकड सैल असल्यानं झोपेत ती निसटतात. जाडीमुळे तोंड जास्त उघडतं, जबडा खाली आणि मागे फिरतो, आणि मिळालेला फायदा तिथेच जातो. ‘आधी हे वापरून बघू’ हा हिशेबही फसतो, कारण तयार उपकरणाचा गुण आला नाही म्हणून मापाच्या उपकरणाचाही येणार नाही असं ठरत नाही. मापाचंच घ्या, आणि तेही थोडंथोडं पुढे सरकवता येणारं.

खरं काम ते हातात पडल्यावर सुरू होतं. जबडा अगदी मागून अगदी पुढे १० मिलिमीटर जात असेल, तर सुरुवात साधारण ५ ते ६ मिलिमीटरवर करतात. मग दर काही दिवसांनी पाव ते अर्धा मिलिमीटर पुढे. घोरणं आणि दिवसाची झोप गेली, किंवा सांधा कुरकुरला, की थांबायचं. घाई केली तर सांधा दुखतो आणि उपकरण कपाटात जातं. आणि घोरणं बंद झालं म्हणून ॲप्निया गेला असं समजणं ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक: आवाज आधी जातो, अडथळा मागे राहू शकतो. म्हणून सेटिंग पक्कं झालं की उपकरण तोंडात ठेवून पुन्हा स्लीप टेस्ट करायची. वजन बरंच वाढलं तर परत एकदा.

पहिले काही आठवडे लाळ सुटते किंवा तोंड कोरडं पडतं, दात दुखल्यासारखे वाटतात. सकाळी काही वेळ दाढा एकमेकींवर बसत नाहीत. त्यासाठी चावायची छोटी पट्टी देतात, ती रोज वापरायची. टाळली तर बदल मुरू शकतो. वर्षानुवर्षं वापरल्यावर वरचे पुढचे दात किंचित आत आणि खालचे बाहेर झुकतात, दाढांमध्ये फट पडू शकते. वरचे दात मुळात पुढे असलेल्याला हे खपून जातं. ज्याचे पुढचे दात टोकाला टोक भिडतात, त्याला लवकर जाणवतं. आपल्याला हे चालणार आहे का, ते माप देण्याआधीच ठरवा. उपकरण कोमट किंवा गार पाण्यात मऊ ब्रशनं धुवावं. गरम पाण्यानं वाकतं, टूथपेस्टनं चरे पडतात.

दात पुरेसे नसतील, तर जीभ ओढून धरणारी मऊ फुग्याची कुपी मिळते. तिला दातांचा आधार लागत नाही. पण जिभेचं टोक दुखतं आणि बरेच जण ती सोडतात. काहींना सीपॅप आणि जबड्याचं उपकरण एकत्र देतात, त्यानं मशीनचा दाब कमी ठेवता येतो. दोन्ही जबडे कापून साधारण १० मिलिमीटर पुढे बसवण्याची शस्त्रक्रिया परिणामकारक आहे, मात्र नंतर ओठ-हनुवटी बधिर राहू शकते. ती जबड्याच्या सर्जनकडची शेवटाकडची पायरी. मुलांसाठी यातलं काहीच जसंच्या तसं लागू नाही: त्यांच्यात बहुधा टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) आधी पाहतात, आणि टाळू अरुंद असेल तर ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात-जबड्याची ठेवण सुधारणारा डेंटिस्ट, तो रुंद करतो.