इस्त्रीच्या टेबलात दडवलेला नकली ‘सातशेदहा’

शिवणकामासाठी घरी इस्त्रीचं मोठं टेबल करून घेणार असाल, तर मिस्त्रीने प्लायवर कापड ठोकायच्या आत हे वाचा. एकदा कापड ताणून बसवलं की खाली काय आहे ते महिनोन्‌महिने कुणाला दिसत नाही. माझ्या बाबतीत सगळा डाव त्याच भरवशावर रचलेला होता.

बाजारातला इस्त्रीचा स्टँड जेमतेम वीतभर-दीड वीत रुंद. परकराचा घेर किंवा गोधडीचा वरचा थर त्यावर घेतला की अर्धं कापड जमिनीवर लोळतं. म्हणून सहा बाय अडीच फुटांचा फळा, त्यावर जुन्या लोकरी ब्लँकेटची दुहेरी घडी आणि वरून मांजरपाट, असं ठरलं. (फोम किंवा पॉलिस्टरचं वॅडिंग घालू नका. उष्णतेने ते दबतं, चिकटतं.) वाफेची इस्त्री रोज चालणार, म्हणून कमर्शियल प्लाय नको, मरीनच हवा, हे मी मिस्त्रीला आधीच बजावलं होतं. मरीन म्हणजे पाणी सोसणारा, आयएस ७१० या भारतीय मानकाचा प्लाय. त्याचा डिंक फिनॉलिक असतो आणि ७२ तास उकळूनही थर सुटता कामा नयेत अशी त्याची कसोटी असते.

मिस्त्रीने ‘आपल्या ओळखीच्या’ दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, “मॅडम, सातशेदहा आहे, पाण्यात टाकून ठेवा.” शीटवर आयएसआयचा छाप होता, वरचा पातळ थर लालसर गर्जन लाकडाचा दिसत होता. दर चौरस फुटाला १२५ रुपये, म्हणजे आठ बाय चारच्या शीटचे ४,००० झाले. छापाचा फोटो मी तिथेच मोबाइलवर काढून ठेवला, तो पुढे फार उपयोगी पडला.

कापून झाल्यावर मिस्त्री म्हणाला, “ताई, उरलेले तुकडे मी घेऊन जातो, तुम्हाला कचरा कशाला?” आणि ब्लँकेट-कापड त्याच संध्याकाळी ठोकून टाकायची त्याला भलतीच घाई. मशीनखालच्या फळीसाठी एक पट्टी मात्र मी मागून ठेवली.

पावसाळ्यात घोळ बाहेर आला. एका गिऱ्हाइकाचं मोतिया रंगाचं ब्लाउजपीस वाफेवर दाबलं, तर त्यावर विटकरी डाग उमटला. आधी वाटलं इस्त्रीला गंज आला असेल. पण तसाच डाग मांजरपाटावरही होता, आणि तो खालून वर आलेला होता. स्टेपल उपटून ब्लँकेट उचललं तेव्हा डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला. प्लायला हाताएवढे फुगवटे आले होते. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसलं तर फडकं तांबडं! गर्जनबिर्जन काही नव्हतं, हलक्या लाकडाला रंग फासला होता.

मग ती पट्टी काढली. कापलेल्या कडेवर डिंकाच्या रेघा पांढुरक्या होत्या. फिनॉलिक डिंकाची रेघ काळपट तपकिरी दिसते. मधल्या थरात सुपारीचं खांड जाईल एवढी फट. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर जाडी साडेसोळा मिलिमीटर, पैसे १९ चे. जाडीत पाच टक्के फरक चालतो असं धरलं तरी १८ च्या खाली जायला नको. जुन्या पातेल्यात तुकडा उकळायला ठेवला, तर तास व्हायच्या आत त्याची पानं पत्त्यांसारखी सुटी झाली.

छापावर सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) च्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो घालून पाहिला. क्रमांक खरा होता, पण दुसऱ्याच कंपनीचा. शीटवरचं नाव तिथे कुठेच नव्हतं.

दुकानदाराकडे गेले तर त्याने शांतपणे बिल पुढे केलं. “यात मरीन कुठे लिहिलंय?” खरंच नव्हतं. ‘प्लाय ८x४, १९ एमएम, १ नग’ एवढंच. जीएसटीचं पक्कं बिल, सगळं कायदेशीर, आणि जे विकलं म्हणून पैसे घेतले तेवढं नेमकं वगळलेलं. हे विसरून राहत नाही, ठरवून वगळतात. मिस्त्री फोन उचलेनासा झाला. दुकानांकडून मिस्त्रींना कमिशन असतं हे काही गुपित नाही, पण कमिशन वेगळं आणि तुकडे गायब करणं वेगळं.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, छापाचा फोटो जोडून बीआयएसकडेही केली. तेव्हा कुठे दुकानदाराचा फोन आला आणि अर्धे पैसे देतो म्हणाला. मी नाही म्हटलं. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे त्याला ऐकवलं. कागद तयार आहेत.

दुसरा फळा वेगळ्या दुकानातून आणला. आधी कड कापून दाखवायला लावली, कुठे पोकळ आवाज येतो का ते नाणं ठोकत पूर्ण शीटभर ऐकलं, आणि बिलावर आयएस ७१०, ब्रँड आणि परवाना क्रमांक लिहून मागितले. “एवढं कुणी मागत नाही हो,” असं म्हणत त्याने लिहून दिले.